४ कोटी ८० लाखांचं सांस्कृतिक भवन, आमच्या गावाला झेपेल का?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, तालुक्याचं ठिकाण, गावाचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. आता बाजारतळाच्या जागेवर बहुउद्देशीय सांस्कृतिक भवन बांधायचा ठराव झालाय, अंदाजपत्रक ४ कोटी ८० लाखांचं. त्यातले ९० टक्के सरकारकडून येणार आणि १० टक्के म्हणजे ४८ लाख नगरपंचायतीने घालायचे असं नगरसेवक सांगतात.

गावात सरळ दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते सरकार फुकट देतंय तर नको कशाला म्हणायचं, परत गेला निधी तर दुसरा तालुका घेऊन जाईल. दुसरी बाजू म्हणते पाणी दोन दिवसाआड येतं, गटारं उघडी आहेत, आधी ते करा मग भवन. मी स्वतः मधे आहे. भवन नको असं मला अजिबात वाटत नाही, आत्ता जे समाजमंदिर आहे ते १९८० च्या आसपासचं, वर पत्रा, पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही, बचत गटाच्या बायका मीटिंगला बसल्या की मधे बादली ठेवावी लागते. पण आमची घरपट्टीची वर्षाची मागणीच साधारण ६२ लाख आहे आणि वसुली जेमतेम ६० टक्के. त्यात ४८ लाख कुठून काढणार आणि पुढं ते चालवणार कसं याचं उत्तर कुणीच देत नाही, विचारलं की "होईल सगळं" एवढंच.

ज्यांच्या गावात असं बांधून झालंय त्यांनी कृपया सांगा, खरा खर्च किती येतो आणि विचारायचं काय काय?

निवृत्त शाखा अभियंता
दादा, प्रश्न योग्य वेळी विचारलात, टेंडर निघाल्यावर काही हातात राहत नाही. माझी सगळी नोकरी अंदाजपत्रकं आणि मोजमाप पुस्तिका लिहिण्यात गेली त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

४ कोटी ८० लाख हा आकडा ऐकून घाबरू नका आणि खूशही होऊ नका, आधी तो फोडून बघा. त्यावर १८ टक्के जीएसटी असणार, सरकारी बांधकामाला पूर्वी १२ होता, १८ जुलै २०२२ पासून १८ झाला. मग बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, अनपेक्षित खर्चाची तरतूद, साहित्य चाचणी, सल्लागाराची फी. म्हणजे प्रत्यक्ष विटा-सिमेंट-लोखंडात जाणारी रक्कम माझ्या अंदाजाने ३ कोटी ८० लाखांच्या आसपास असेल. त्यावरचे ६८ लाख तर नुसता जीएसटीच झाला.

आता महत्त्वाचं. अंदाजपत्रकाची प्रत मिळवा आणि त्यात काय नाहीये ते शोधा. खुर्च्या आहेत का? स्टेजचे पडदे, साऊंड, लाईटचे बार? जनरेटर किंवा सोलर? अग्निशमन यंत्रणा? स्वयंपाकाची शेड आणि भांडी धुवायची जागा? पार्किंगचं काँक्रीट? बहुतेक वेळा हे सगळं "टप्पा दोन" मध्ये ढकललेलं असतं. टप्पा एकचं उद्घाटन होतं, फोटो निघतात आणि टप्पा दोनला निधी येत नाही. मग चार भिंती, स्लॅब आणि आत घुमणारा आवाज एवढंच गावाच्या पदरात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही बऱ्याच ठिकाणी.

दुसरं म्हणजे जागा. बाजारतळ सखल आहे का? ओढ्याजवळ असेल तर पायाचाच खर्च वाढतो, काळी माती असेल तर अजून वाढतो. माती परीक्षण केल्याशिवाय अंदाजपत्रक केलं असेल तर तो आकडा कागदावरचाच समजा, पाया खोदल्यावर वाढीव खर्चाचा प्रस्ताव येणारच.

रंगमंचाच्या मागे
मी तालुक्याच्या गावात हौशी नाटकं करते, शाळेतल्या मुलांचीही बसवते. दादा मी तुमच्या भवनाच्या बाजूने बोलणार आहे आणि मनापासून बोलणार आहे.

लोक म्हणतात आधी गटारं मग भवन. गटारं व्हायलाच पाहिजेत, पण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि गटारंही झाली नाहीत आणि हॉलही झाला नाही. आमच्याकडं स्पर्धेचं नाटक शाळेच्या वर्गात बेंच जोडून होतं, मुली चादर धरून साड्या बदलतात, एक जण चादर धरणार एक जण बदलणार, आणि बाहेर मुलं खिडकीत. ज्या मुलीची आई हे एकदा बघते ती पुढच्या वर्षी मुलीला पाठवत नाही. गेल्या काही वर्षांत माझ्या अशा किती चांगल्या मुली गेल्या. त्यामुळं मला भवन म्हणजे चैन वाटत नाही.

पण भवन बांधताना कुणीतरी स्टेजवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा हो. आमच्या शेजारच्या गावात झालंय, छतापर्यंत गुळगुळीत टाईल्स लावल्यात, झाडायला सोपं म्हणून. आत शब्द कळत नाही, सगळा आवाज एकमेकात मिसळतो. स्टेजची खोली १४ फूट, विंगा म्हणजे स्टेजच्या बाजूला नटांनी थांबायचे आडोसे नाहीत, वर लाईट टांगायला लोखंडी बार नाही, मेकअपरूमला आतून कडी नाही आणि बायकांचं टॉयलेट स्टेजच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे मेकअप करून पूर्ण प्रेक्षकातून चालत जायचं. हे सगळं करायला जास्त पैसे लागले नसते, कागदावर रेघ मारताना विचारलं असतं तर त्याच पैशात झालं असतं.

एक चांगला हॉल गावाला काय देतो हे बघायचं तर कोल्हापूर बघा. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं संगीत नाटकांतले नट केशवराव भोसले यांच्या नावाचं नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मोठी मोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ एका वास्तूने गावाला कलाकार दिले. त्यामुळं खर्च किती हे विचाराच, पण आत काय घडणार हे पण तेवढ्याच जोरात विचारा. आणि हो, वायरिंग आणि अग्निशमन यात एक रुपयाची काटकसर करू देऊ नका.

कुलूपबंद
आमच्या गावाचा अनुभव सांगतो, नाव सांगत नाही. आमच्याकडं असंच भवन झालं, जेमतेम तेवढ्याच पैशात. पहिलं वर्ष जोरात. मग मीटरचं बिल थकलं, कनेक्शन कापलं. वॉचमनचा पगार कुणाच्या डोक्यावर यावरून वाद. आता समोरच्या दाराला कुलूप आहे आणि मागच्या खिडकीची काच फुटलीय, तिथून पारवे आत गेलेत. खुर्च्यांवर विष्ठेचा थर, स्टेजच्या फळ्या ओलीने फुगून वर आल्यात आणि खालून वाळवी. दुरुस्तीला आता नवा प्रस्ताव गेलाय. मला राग याचा येतो की हे पैसे कुणाच्या बापाचे नव्हते, आपले होते, आणि आम्ही उद्घाटनाला टाळ्या वाजवल्या.

माझं एकच म्हणणं, बांधायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही. आमदार निधी, खासदार निधी, शासनाच्या योजना, सगळ्यांना इमारत आवडते कारण तिला पाटी लावता येते. वॉचमनच्या पगाराला पाटी लावता येत नाही.

निवृत्त शाखा अभियंता
@कुलूपबंद अगदी बरोबर. म्हणूनच मी ओढ्याकाठच्या दादांना एक ढोबळ हिशोब मांडून देतो, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला.

तीन माणसं कंत्राटी, दोन वॉचमन पाळीने आणि एक सफाईला, प्रत्येकी १५ हजार धरले तरी वर्षाला ५ लाख ४० हजार. वीज, यात लक्षात ठेवा की हॉल बंद असला तरी स्थिर आकार लागतोच, सगळं मिळून महिना १५ हजार धरा, १ लाख ८० हजार. देखभाल दुरुस्तीला बांधकाम खर्चाच्या १ टक्का तरी बाजूला काढायला हवा, ४ लाख ८० हजार, पहिली दोन-तीन वर्षं लागणार नाहीत कारण दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराने करायचं असतं, पण नंतर एकदम लागतात. एकूण झाले १२ लाख.

आता उत्पन्न. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू, पौषात जवळपास नाही, आषाढात चातुर्मास लागला की बंद. गावात खासगी कार्यालयं असतील तर तुमच्या वाट्याला वर्षाला ४० लग्नं आली तरी खूप. १५ हजार भाडं धरलं तर ६ लाख. उरलेले ६ लाख दरवर्षी घरपट्टीतून. तुमची मागणी ६२ लाख आणि वसुली ६० टक्के म्हणजे हातात ३७ लाख येतात, त्यातले ६ एका इमारतीला. हे गावाला मान्य आहे का, हा प्रश्न सभेत विचारा. मान्य असेलही, त्यात वाईट काही नाही, ग्रंथालय किंवा शाळा पण फायद्यात चालत नाही. पण माहीत असून हो म्हटलं पाहिजे.

बुधवारचा बाजार
इथं सगळे हिशोब चाललेत पण बाजाराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते, बाजारतळावर, मी लहानपणापासून तिथं बसलेय. दादा तुमच्या गावात पण बाजारतळाच्या जागेवर भवन आहे ना, मग बुधवारी किंवा जो वार असेल त्या दिवशी त्या बायका कुठं बसणार ते ठरावात लिहिलंय का?

आमच्याकडं असंच काहीतरी बांधताना "तात्पुरतं" म्हणून बाजार बायपासच्या कडेला हलवला. तिथं सावली नाही, पाणी नाही, संडास नाही, गाड्या अंगावरून जातात. म्हातारी माणसं तिथपर्यंत चालत येत नाहीत म्हणून गिऱ्हाईक कमी झालं, आईची पेंडी उरते ती परत न्यायला टेम्पोचं भाडं परवडत नाही म्हणून ती पाच रुपयाला देऊन टाकते. तात्पुरतं अजून चालूच आहे. बाजारतळ म्हणजे मोकळी जागा नव्हे, तिथं दर आठवड्याला आसपासच्या वाड्यावस्त्यांचं पोट भरतं. त्याची पावती नगरपंचायतच फाडते. मग समाजाचं केंद्र अजून वेगळं काय असतं? माझं म्हणणं भवन करू नका असं नाही, खाली ओटे आणि छत, वर हॉल असं का नाही करत? किंवा दुसरी जागा का नाही बघत?

कार्यालयवाला
मी आधीच सांगतो, माझं स्वतःचं मंगल कार्यालय आहे, त्यामुळं माझा यात स्वार्थ आहे असं समजून वाचा.

१५ हजारात लग्न करू म्हणणारा हॉल आला तर मला फटका बसेल हे खरं, पण गरीब माणसाला स्वस्त हॉल मिळालाच पाहिजे हेही मी मानतो, मुलीच्या लग्नाला कार्यालयाचं भाडं भरताना सावकाराकडं जाणारी माणसं माझ्याच काउंटरवर येतात. फक्त दोन गोष्टी. एक, भाड्यात दोन दर ठेवा, लग्नाला वेगळा आणि बचत गट, शाळा, नाटकाची तालीम, आरोग्य शिबिर यांना नाममात्र. नाहीतर सीझनमध्ये सगळ्या तारखा लग्नांना जातात आणि सांस्कृतिक हा शब्द फक्त पाटीवर राहतो. दोन, बुकिंगचं रजिस्टर उघडं ठेवा. तारखा नगरसेवकाच्या फोनवर मिळायला लागल्या की संपलं, ज्याची ओळख त्याचा हॉल.

आणि आवाजाचं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, सभागृहाच्या आत बंद दारात सूट आहे, पण लोक जेवणं आणि डीजे बाहेरच्या लॉनवर लावतात तिथं सूट नाही. शेजारी घरं किती फुटावर आहेत ते बघा, पहिल्याच सीझनला तक्रारी सुरू होतील.

अभ्यासिका
पूर्ण वेगळा विचार मांडतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलार आहे, ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. तिथं एक मोठी इमारत बांधून त्यात सगळी पुस्तकं नाही कोंबली, लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत अशी २५ ठिकाणं केली आणि पुस्तकं तिथं ठेवली. माणसं घरोघरी जाऊन वाचतात. म्हणजे सगळं एकाच छताखाली पाहिजे असं काही नाही.

आमच्या गावात स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री एसटी स्टँडच्या लाईटखाली बसतात. त्यांना ५०० माणसांचा हॉल नको, ४० टेबलं, पंखा, स्वच्छ संडास आणि रात्री १२ पर्यंत उघडं दार पाहिजे. जुनं समाजमंदिर पाडायच्या आधी एकदा बघा, पत्रा काढून नीट छत घातलं तर किती पोरं मावतील? बंद पडलेल्या मराठी शाळेचे वर्ग आहेत का? ४ कोटी ८० लाखांत एकच मोठा हॉल करण्यापेक्षा तीन ठिकाणी तीन गोष्टी होतील असं मला वाटतं.

रंगमंचाच्या मागे
@अभ्यासिका अभ्यासिकेला माझा पाठिंबा, पण नाटक आणि ४०० माणसांची सभा तीन खोल्यांत होत नाही. दोन्ही गोष्टी पाहिजेत. एकाला दुसऱ्याच्या विरुद्ध उभं करू नका, पैसा कमी पडला की नेहमी कलेलाच मागं ठेवतात.

गोव्याहून
आमच्याकडं मडगाव, साखळी, कुडचडे इथं रवींद्र भवनं म्हणजे सरकारी सांस्कृतिक भवनं आहेत, त्यामुळं नाटकाला आणि तियात्राला (कोंकणी नाट्यप्रकार) जागा मिळते. पण ती सरकारच्या आधारावर चालतात, एकट्या पालिकेच्या खिशातून नाही, हा फरक लक्षात घ्या. आणि पणजीच्या कला अकादमीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला. नामवंत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची वास्तू. राजधानीत सगळ्यांच्या डोळ्यासमोर हे होत असेल तर लहान गावात कामावर लक्ष ठेवायला गावातलीच माणसं पाहिजेत.

ओढ्याकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. अभियंता काका तुमचा १२ लाखांचा हिशोब मी प्रिंट काढून दुकानात लावलाय, लोक उभं राहून वाचतायत. बाजारवाल्या ताई, तुमचा मुद्दा खरंच माझ्या डोक्यात आला नव्हता, ठरावात बाजाराबद्दल एक ओळ नाही, मी आज वाचून खात्री केली.

अंदाजपत्रक मागितलं तर "साहेब दौऱ्यावर आहेत" सांगितलं. ग्रामपंचायत होती तेव्हा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभेत उभं राहून विचारता यायचं, सरपंचाला तोंडावर उत्तर द्यावं लागायचं. नगरपंचायत झाल्यापासून ती सोय गेली. आता १७ नगरसेवक आत बसतात आणि आम्ही बाहेर. हे शहर होणं आम्हाला फार महागात पडलंय. आता काय करू?

निवृत्त शाखा अभियंता
ग्रामसभा गेली हे खरं, पण दार पूर्ण बंद नाही. २००९ च्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली आहे, फारशी कुठं भरवत नाहीत, पण मुख्याधिकाऱ्यांना लेखी मागणी करा आणि पोच घ्या. प्रभागातल्या शंभरेक लोकांच्या सह्या असल्या तर दुर्लक्ष करणं अवघड जातं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, प्रतीला पानाला २ रुपये. मागायचं काय ते नीट लिहा: सर्वसाधारण सभेच्या ठरावाची आणि इतिवृत्ताची प्रत, अंदाजपत्रक बाबनिहाय, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, नकाशा, माती परीक्षण अहवाल, जागेचा उतारा. "भवनाबाबत सर्व माहिती द्या" असं मोघम लिहू नका, मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. आणि टेंडर राज्य सरकारच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर येईल, रोज बघत जा. कुणी फारच कमी दराने टेंडर भरलं तर आनंद मानू नका, वाढीव अनामत घेतली का ते विचारा, कारण तोटा भरून काढायला लोखंड आणि सिमेंटच कमी होतं.

पाटोद्याचा पाहुणा
घरपट्टी वसुली ६० टक्के वाचून लिहितोय. छत्रपती संभाजीनगर जवळ पाटोदा ग्रामपंचायत आहे, कर भरणाऱ्याला दळण मोफत दळून मिळतं. लोक कर भरतात कारण त्याचा उपयोग रोज पिठाच्या डब्यात दिसतो. तुमच्याकडं पण भवन चालवायचं असेल तर आधी वसुली सुधारा, पूर्ण कर भरलेल्याला हॉलच्या भाड्यात सवलत द्या, नाव बोर्डावर नको, सवलत द्या. उरलेले ४० टक्के जमा झाले तर तुमचे ६ लाख आरामात निघतील. आणि त्याच पैशात पाण्याची पाळी पण सुधारेल, जे आत्ता विरोध करतायत त्यांचं म्हणणं पण चुकीचं नाहीये.

ओढ्याकाठचा
अर्ज आज टाकला, पोच घेतली. सह्या ८० च्या वर झाल्यात, त्यात निम्म्या बाजारातल्या बायकांच्या आहेत, अंगठे पण आहेत. दोन नगरसेवक खासगीत म्हणाले की खाली ओटे आणि वर हॉल याचा नकाशा काढून आणा, आम्ही सभेत मांडतो. ओळखीचा एक आर्किटेक्ट फुकट काढून देतोय. अभियंता काका, वर हॉल नेला तर खर्च किती वाढेल आणि म्हाताऱ्या माणसांना चढायचं कसं?

निवृत्त शाखा अभियंता
कॉलम आणि बीम जड होतील, मधे खांब न घेता मोठी मोकळी जागा वर नेली की लोखंड वाढतं, त्यामुळं सांगाड्याचा खर्च नक्की वाढेल, किती ते संरचना अभियंत्याकडून लिहून घ्या, माझ्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. रॅम्पला जागा लांब लागते, १ फूट चढायला १२ फूट, म्हणजे १२ फूट उंचीला १४४ फूट रॅम्प, तेवढी जागा तळावर नसेल तर लिफ्ट घ्यावी लागेल आणि लिफ्ट आली की जनरेटर आणि वार्षिक देखभाल करार आला. तो १२ लाखांच्या हिशोबात वाढवा. दुसरा पर्याय म्हणजे हॉल खालीच ठेवून ३०० माणसांचा करा, आणि तळाच्या उरलेल्या बाजूला छत घालून ओटे. आर्किटेक्टला दोन्ही नकाशे काढायला सांगा आणि दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून मगच सभेत न्या. नकाशा झाला की इथं टाका, रंगमंचवाल्या ताईंनी स्टेजच्या बाजूने एकदा बघावा, मी बाकीचं बघतो.